घरातली बिअर आणि वस्तीतली हातभट्टी

शहरातील सुखवस्तू घरांत स्वतःची बिअर स्वतः बनविण्याचा छंद रुजतो आहे. मोड आणून वाळविलेली बार्ली भरडायची, साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून तिची साखर उतरवायची, ते पाणी गाळून कडवट हॉप्स टाकून उकळायचे, थंड झाल्यावर यीस्ट घालायचे आणि झाकलेल्या पिंपात आठ-पंधरा दिवस आंबू द्यायचे. मात्र आंबताना तापमान २० अंशांच्या आसपास हवे. म्हणजे परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या आमच्या पिंगळीत मे महिन्यात हा छंद वातानुकूलित खोलीशिवाय जमणार नाही. छंदालाही वर्ग असतो तो असा!

आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. दारू पिणार नाही, ही त्यातली एक. तेव्हा प्रश्न चवीचा नाही, कायद्याचा आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. कलम ६५ प्रमाणे तर त्यासाठी साहित्य व भांडी बाळगणे हासुद्धा गुन्हा. 'विकायची नाही, घरापुरतीच आहे' हा बचाव तेथे चालत नाही. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा करून दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन घरगुती बिअरची मुभा दिली. आपल्याकडे एका बाटलीचीही नाही.

म्हणजे फ्लॅटमधील बार्लीचे पिंप आणि ओढ्याकाठचे गूळ-नवसागराचे रसायन कायद्यापुढे सारखेच. मग धाड कोणाच्या दारात पडते? 'रसायन जागीच नष्ट' अशा बातम्या आम्ही वर्षानुवर्षे वाचतो. फ्लॅटमधले पिंप गटारात ओतल्याची बातमी अजून वाचायची आहे. १९८१ च्या स्थानबद्धता कायद्याचे नावच पाहा. इंग्रजीत तो 'बूटलेगर्स'साठी आहे, मराठीत थेट 'झोपडपट्टीदादा' आणि 'हातभट्टीवाले' यांच्यासाठी. खटला न चालविता एक वर्षापर्यंत डांबण्याची त्यात तरतूद आहे.

हातभट्टीचे समर्थन आम्ही करीत नाही. तिने आमच्या वस्त्यांतले किती संसार मोडले हे आम्हास कोणी शिकवू नये. बिअर नुसती आंबवितात, हातभट्टीची दारू ऊर्ध्वपातनाने काढतात, हा फरकही खरा. परंतु जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक गरीब मेले ते गुळाने नव्हे, कारखान्यात वापरले जाणारे मिथेनॉल दारू म्हणून विकले गेल्याने. त्या साखळीची वरची टोके झोपडीत नसतात.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदीला स्पष्ट विरोध होता. बंदीने दारू थांबली नाही, ती घराघरातला धंदा झाली, बायका-मुलांच्या डोळ्यांदेखत गाळली जाऊ लागली, आणि बुडालेल्या महसुलाची किंमत शिक्षणासारख्या खात्यांनी मोजली, असा तो युक्तिवाद. स्वतः दारूला न शिवणारा नेता हे मांडत होता. व्यक्तीचे शील वेगळे आणि शासनाचे धोरण वेगळे, ही गोष्ट आमच्यातलेही काही जण विसरतात.

ज्वारी पिकविणाऱ्या परभणीकरांना दक्षिण आफ्रिकेची गोष्ट जवळची वाटावी. तेथे काळ्या स्त्रिया ज्वारीची बिअर घरी बनवीत. १९०८ च्या नाताळमधील कायद्याने डर्बनच्या गोऱ्या नगरपालिकेला त्या बिअरची मक्तेदारी मिळाली, घरची बिअर गुन्हा ठरली आणि त्याच पैशातून काळ्यांवर हुकूमत गाजविणारे खाते पोसले गेले. जून १९५९ मध्ये कॅटो मॅनरच्या स्त्रिया त्या सरकारी बिअरहॉलवर चालून गेल्या.

आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा द्राक्ष बागायतदारांचे हित पुढे करण्यात आले. उद्या घरगुती बिअरलाही अशीच वाट काढून दिली जाईल. ती द्यायची तर कलम ६५ उघडपणे दुरुस्त करावे, आणि त्याच दिवशी स्थानबद्धतेच्या कायद्यातले 'हातभट्टीवाले'ही तपासावेत. तोवर कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यातील राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा: गेल्या पाच वर्षांत कलम ६५ खाली किती गुन्हे, आरोपींत स्त्रिया किती, अनुसूचित जाती-जमातींचे किती, आणि घरगुती बिअरची प्रकरणे किती.