'शॉर्ट सर्किट' हे निदान नव्हे

मंडळाच्या स्मरणिकेत डॉक्टरने मधुमेहावर लिहावे, हृदयविकारावर लिहावे. अग्निशमन दलाच्या नोंदवहीवर लिहिण्याचे त्याला काय प्रयोजन, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ते प्रयोजन प्रथम सांगतो.

किलवणी नाक्याजवळ मी दवाखाना थाटला त्या काळी सिल्वासाच्या भोवती शेतांच्या जागी कारखान्यांच्या शेडी उभ्या राहात होत्या. एके रात्री पाळीवरचा एक तरुण दोन्ही हात भाजलेल्या अवस्थेत आला. छपाईच्या यंत्राचे रूळ थिनरने पुसताना भडका उडाला होता. सोबत्यांनी वाळूच्या बादल्या ओतून तो विझवला; बंब बोलवावा लागला नाही. मी मलमपट्टी केली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, पोलिसांना कळवण्याचा कागद भरला आणि नोंदवहीत लिहिले : 'अपघाती भाजणे, दोन्ही हात, सुमारे ५ टक्के.' चार-पाच महिन्यांनी त्याच शेडमधला दुसरा कामगार आला. तेच थिनर, तसाच भडका, आणि माझ्या वहीतली नोंदही जवळजवळ तीच.

तिसऱ्या वेळी मात्र सारी शेड पेटली. सिल्वासाचे बंब आले, वापीहूनही मदत आली. चौघे जखमी झाले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या : 'शॉर्ट सर्किटमुळे आग, जीवितहानी नाही.' त्या दिवसापुरते ते खरेच होते. चौघांपैकी एकाला मुंबईस हलवले होते. जंतुसंसर्गाने तो बाराव्या दिवशी गेला. मृत्यू जेथे घडतो तेथेच त्याची नोंद व्हावी असा आपला कायदा असल्यामुळे त्याचा मृत्यू मुंबईत नोंदला गेला. इकडे आगीच्या कागदावर 'जीवितहानी नाही' हे शब्द तसेच राहिले. त्या शेडमध्ये आधी दोनदा भडका उडाल्याचे मला ठाऊक होते. मला कोणी विचारले नाही, आणि मीही कोणाला सांगितले नाही. ही खंत मनातून जात नाही, म्हणून हा लेख.

आपल्या व्यवसायातील एक जुना दोष सर्वांना परिचित आहे. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून आपण 'हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडणे' असे लिहून मोकळे होतो. हे मृत्यूचे कारण नव्हे, मृत्यूचे वर्णन होय. प्रत्येकच माणसाची हृदयक्रिया अखेरीस बंद पडते. ती कशाने बंद पडली, हे सांगणे आपले काम. आगीच्या अहवालातील 'शॉर्ट सर्किट' हा शब्द पुष्कळदा असाच वापरला जातो. तार का वितळली? एका सॉकेटवर तीन यंत्रे जोडली होती काय? अर्थिंग होते काय? ठिणगी जेथे पडली तेथे थिनरचा उघडा डबा का होता? याची उत्तरे नसतील तर 'शॉर्ट सर्किट' हे निदान ठरत नाही. ते चौकशी थांबवण्याचे निमित्त ठरते.

आता देशाच्या आकड्यांकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यूंचा अहवाल प्रसिद्ध करतो. तो पोलिसांच्या नोंदींवरून तयार होतो. २०२२ च्या अहवालानुसार देशभरात आगीचे अपघात ७,५६६ आणि त्यांत मृत्यू ७,४३५. डॉक्टर मित्रहो, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एखाद्या साथीच्या तक्त्यात रुग्ण ७,५६६ आणि मृत ७,४३५ दिसले, तर हा रोग ९८ टक्के प्राणघातक आहे असे आपण म्हणू काय? आपण म्हणू की सौम्य रुग्ण मोजलेच गेलेले नाहीत. आगीबाबत नेमके तेच घडले आहे. माणूस मेला की आग पोलिसांच्या कागदावर येते. जी आग विझली, जिच्यात केवळ हात भाजले, ती राष्ट्राच्या हिशेबात जवळजवळ घडलेलीच नसते.

मृत्यूंची मोजणी तरी पुरी होते काय? २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातील भाजून झालेल्या मृत्यूंवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मृत्युनोंदणीच्या व ग्रामीण पाहणीच्या आधारे २००१ या एका वर्षात असे सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला होता. पोलिसांच्या आकड्याच्या तो सुमारे सहापट होता. त्यांत १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या, आणि त्यांतील बहुसंख्य १५ ते ३४ या वयाच्या. 'स्टोव्हचा भडका' एवढे लिहून आपल्या पिढीने किती कागद मिटवले असतील, याचा विचार करावा. सासरची माणसे खाटेशी उभी असताना घेतलेली हकिकत आपण खरी मानली, कारण पुढचा प्रश्न विचारणे आपल्याला अवघड वाटले.

यावर उपाय काय? अमेरिकेत १९७३ साली एका राष्ट्रीय आयोगाने आगीच्या हानीचा अहवाल दिला आणि १९७४ च्या कायद्याने आगीच्या घटना एकाच नमुन्यात नोंदवण्याच्या राष्ट्रीय पद्धतीचा पाया घातला गेला. केंद्राने ती सक्तीची केली नाही. परंतु अनेक राज्यांनी स्वतःच्या नियमांनी आपल्या दलांना अहवाल देणे बंधनकारक केले. अलीकडे तिची जागा 'नेरिस' या नव्या पद्धतीने घेतली आहे. इंग्लंडमध्ये २००९ पासून दल ज्या ज्या घटनेस धावून जाते तिची, अगदी खोट्या वर्दीचीसुद्धा, संगणकावर एकाच साच्यात नोंद होते. अशा नोंदींचा उपयोग काय, याचे एक उदाहरण पुरे आहे. लहान मुले सिगारेटच्या लायटरशी खेळताना घरे पेटतात, हे अमेरिकेत आकड्यांतून दिसून आले. १९९४ पासून मुलांना सहज पेटवता येणार नाहीत असेच लायटर विकण्याचा दंडक आला. पुढील काही वर्षांत अशा आगी अपेक्षेच्या निम्म्याहून खाली आल्याचे अभ्यासात आढळले. एकेका बंबावरच्या एकेका जवानाने भरलेल्या कागदाचे हे फळ होते.

आपल्याकडे अग्निशमन हा राज्यांचा विषय आहे, आणि १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीने तो नगरपालिकांच्या कामांतही घातला आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याने अग्निशमनाची साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. गुजरातने २०१३ मध्ये स्वतःचा कायदा केला. केंद्रानेही २०१९ मध्ये राज्यांसाठी आदर्श विधेयक पाठवले. कारखान्यांबाबत १९४८ च्या अधिनियमापासून असा दंडक चालत आला आहे की, ज्या इजेमुळे कामगार ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकत नाही, तिची सूचना मालकाने द्यावी. काही धोकादायक घटनांची सूचनाही द्यावी लागते. परंतु जो कामगार हाताला पट्टी बांधून तिसऱ्या दिवशी हजर होतो, त्याचा भडका या जाळीतून निसटतो. माझे पहिले दोन रुग्ण असेच निसटले.

हवेलीची अडचण आणखी वेगळी आहे. आपला प्रदेश अवघा ४९१ चौरस किलोमीटरांचा. एका बाजूस वापी व वलसाड, दुसऱ्या बाजूस तलासरी व पालघर. आग इकडे लागते, बंब शेजारच्या राज्यातून येतो, रुग्ण वापीला, सुरतेला किंवा मुंबईला जातो. एका आगीचा कागद तीन ठिकाणी विखुरतो आणि तो जुळवणारा कोणी नसतो. मात्र छोट्या प्रदेशाला एक सोयही असते. २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव यांचा कारभार एक झाला आहे. एक प्रशासन, मोजकी केंद्रे, मोजकी रुग्णालये. मोठ्या राज्यांना जे वर्षानुवर्षे जमत नाही ते येथे एका नियमाने साधता येईल.

तो नियम कसा असावा, याविषयी चार सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, प्रत्येक वर्दीचा एकाच नमुन्यात, ठरलेल्या मुदतीत अहवाल व्हावा. कारखान्याने स्वतः विझवलेल्या आगीचीही एका पानाची सूचना दलाकडे जावी. दुसरी, कारण समजले नसेल तर 'अनिश्चित' असे प्रामाणिकपणे लिहिण्याची मुभा असावी आणि चौकशीअंती ते दुरुस्त करावे; 'शॉर्ट सर्किट' लिहिल्यास कोणती तार, कोणता भार, जवळ काय पेटले, हे लिहिल्यावाचून रकाना पुरा झाला असे मानू नये. तिसरी, जखमींची तिसाव्या दिवशी पुन्हा विचारपूस व्हावी. रस्ते अपघातात ३० दिवसांच्या आतील मृत्यू मोजण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. भाजलेला रुग्ण नेहमी पहिल्याच रात्री जातो असे नाही. तो पुढे कित्येक दिवसांनीही जाऊ शकतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? चौथी, या साऱ्याचा गोषवारा, कोणाचेही नाव न घेता, दरवर्षी प्रसिद्ध व्हावा.

यावर आक्षेप येतील. उद्योजक म्हणतील, आम्ही किरकोळ आग कळवली तर विमा अडेल, खटला होईल. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु माता-मृत्यूंच्या बाबतीत आपण हा प्रश्न सोडवलेला आहे. २०१० पासून देशात प्रत्येक माता-मृत्यूची छाननी करण्याची पद्धत सुरू झाली, ती दोषी शोधण्यासाठी नव्हे, पुढचा मृत्यू टाळण्यासाठी. आगीच्या नोंदीतही शिकण्याचा कागद आणि शिक्षेचा कागद वेगळे ठेवता येतील. दुसरा आक्षेप जवानांचा : रात्रभर आगीशी झुंजून आल्यावर कागद कोण भरणार? त्यांचे श्रम मी जवळून पाहिले आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरातील स्फोटात ६६ अग्निशामक गेले. त्यांच्या स्मरणार्थच आपण दर एप्रिलात अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. अशा माणसांवर ओझे लादायचे नसेल, तर नमुना एका पानाचा हवा आणि तो भरण्यास कारकुनी मदत हवी. कागद मात्र हवाच, कारण पुढच्या आगीत शिरणारा जवान त्याच कागदामुळे सावध होणार आहे.

दुसऱ्यांस सांगताना आपले घर तपासले पाहिजे. २०२१ या एका वर्षात महाराष्ट्राने ९ जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके गमावली, २३ एप्रिलला विरारच्या अतिदक्षता विभागात १५ रुग्ण, आणि ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात ११. त्या बातम्या वाचताना मला माझ्याच दवाखान्यातील एक प्रसंग आठवला. विश्रांतीच्या खोलीतील वातानुकूलन यंत्राचा प्लग एकदा काळा पडून धुमसला होता. वायरमनने नवा बसवला, पैसे घेतले, विषय संपला. मी कोठेही काही लिहिले नाही. कारखानदाराला दोष देणारा मी त्या दिवशी त्याच्याहून वेगळा वागलो नव्हतो.

म्हणून शासनाच्या नियमाची वाट न पाहता आपल्या मंडळाने एक साधी सुरुवात करावी, अशी विनंती आहे. भाजलेल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात : कोठे, किती वाजता, काय पेटले, रुग्ण त्या वेळी काय करत होता, आणि तेथे पूर्वी असे घडले होते काय. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात भाजण्याच्या इजेबरोबर तिच्या बाह्य कारणासाठीही स्वतंत्र संकेतांक आहेत, ते वापरावेत. हकिकत शक्यतो एकांतात घ्यावी. पोलिसांना कळवण्याचे कायदेशीर कर्तव्य आहेच, ते यामुळे कमी होत नाही. वर्षअखेर आपण सर्वांनी नावे वगळून या नोंदी एकत्र केल्या, तर कोणत्या वस्तीत कोणत्या कामात माणसे भाजतात, याचा नकाशा हवेलीला प्रथमच मिळेल. तो घेऊन आपण अग्निशमन अधिकाऱ्यांकडे जाऊ शकू. पाड्यावरची पेंढ्याची गंजी असो वा खडोलीची शेड, त्यात भाजणारा माणूस शेवटी आपल्याच दारात येतो.

त्या तरुण कामगाराची, जो बाराव्या दिवशी गेला, बायको पुढे काही काळ माझ्याकडे मुलाला दाखवायला येत असे. तिने मला कधी काही विचारले नाही. विचारले असते तर माझ्या वहीतील दोन नोंदी मी तिला दाखवू शकलो असतो काय, हे मला आजही सांगता येत नाही. तिसऱ्या पाचमध्ये जो प्रश्न शेवटी लिहिला आहे, 'पूर्वी असे घडले होते काय?', तो त्या रात्री मी विचारला असता आणि उत्तर योग्य माणसाकडे पोहोचवण्याची वाट असती, तर कदाचित तो मुलगा बापाचे बोट धरून आला असता.