झोळीतली वीट

चिनी साधनाकथांची कॉमिक्स किंवा कार्टून्स पाहिलीत का? नायक बहुधा पोरका, हडकुळा. डोंगरावरच्या गुरूंकडे जातो, श्वासावर ताबा मिळवतो, अंगातली 'ची' नावाची शक्ती वाढवत एकेक पायरी चढतो आणि शेवटी ढगांवरून फिरू लागतो.

असा नायक आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे, बरं का! इथल्या गर्भगिरीच्या डोंगरांत मढीला कानिफनाथांची समाधी आहे, मांजरसुंब्याजवळ गोरक्षनाथगड आहे. मालू कवीने 1819 साली 'नवनाथ भक्तिसार' रचला, त्यात या नाथांच्या गोष्टी आहेत.

एकदा गोरख गुरूंनी दिलेला संजीवनी मंत्र घोकत बसला होता. गावातली पोरं आली. म्हणाली, चिखलाची गाडी झाली, आता गाडीवान करून दे! हातात चिखल, तोंडात मंत्र. गाडीवान झाला की जिवंत! पोरं भूत भूत ओरडत पळाली. तोच पुढे गहिनीनाथ.

चिनी गोष्टींतही अशी फजिती होते. सोळाव्या शतकातल्या कादंबरीतला वानरराजा सुन वुकाँग 72 रूपं घ्यायला शिकला. सोबत्यांपुढे मिरवायला पाइनचं झाड झाला, आणि गुरूंनी त्याला हाकलूनच दिलं. (पुढे तो ज्या भिक्षूबरोबर प्रवासाला निघतो, तो ह्युएनत्संग सातव्या शतकात खरोखरच महाराष्ट्रात येऊन गेला होता.)

पण गोरखची खरी परीक्षा वेगळीच. त्याला शत्रूशी नाही, गुरूंच्याच मोहाशी झुंजायचं होतं. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमले होते. गोरखने मृदंगातून साद घालून त्यांना बाहेर काढलं. तरी झोळीत सोन्याची वीट होतीच! वाटेत गुरू सारखे विचारत, इथं चोरांचं भय नाही ना? गोरखला शंका आली. गुरूंची पाठ वळताच त्याने वीट काढून रानात भिरकावली.

कळल्यावर गुरू रडले, रागावले. तेव्हा गोरखने गर्भगिरीचा अख्खा डोंगर मंत्राने सोन्याचा केला. घ्या, हवं तेवढं! मग कुठे गुरूंनी त्याला पोटाशी धरलं.

डोंगर सोन्याचा करण्यापेक्षा गुरूंच्या झोळीत हात घालणं मला जास्त अवघड वाटतं. चीनमध्येही गुरूला बापाच्या जागी मानतात. मग गोरखचं चुकलं का? तुम्ही काय केलं असतं, पत्राने जरूर कळवा.