खंडणीची परीकथा

एखादे पुस्तक लाखो मुलांच्या हाती गेले, म्हणजे ते चांगलेच असले पाहिजे, असा समज सहज होतो. परंतु लोकप्रियता हा गुणाचा पुरावा नव्हे. आणि दोषाचा तर नव्हेच. पुस्तकाचा निवाडा ते समग्र वाचूनच करावयाचा असतो, आणि तो करताना त्याच्या बाजूने बोलण्यासारखे जे असेल, तेही ऐकून घ्यावे लागते. ‘आर्टेमिस फाउल’ ही इंग्रजी कादंबरी अशा निवाड्यास योग्य आहे. आयर्लंडमधील लेखक ओवेन कोल्फर यांची ही कादंबरी २००१ साली प्रसिद्ध झाली. कोल्फर हे पूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. २०१२ सालापर्यंत या मालिकेची आठ पुस्तके निघाली आणि २०२० साली तिच्यावर चित्रपटही आला.

कथेचा नायक आर्टेमिस हा बारा वर्षांचा मुलगा. घराणे श्रीमंत, पण गुन्हेगारीवर पोसलेले. वडील बेपत्ता झालेले; त्या दुःखाने आई भ्रमिष्ट होऊन अंथरुणास खिळलेली; संपत्ती ओसरू लागलेली. ती परत मिळविण्यासाठी आर्टेमिस एक बेत आखतो. भूमीखाली पऱ्यांचे राष्ट्र नांदत आहे, याचा त्यास सुगावा लागलेला असतो. मद्याच्या व्यसनाने खंगलेल्या एका परीला कपटाने अडकवून तो त्यांचा गुप्त ग्रंथ अर्ध्या तासापुरता मिळवितो आणि संगणकाच्या साहाय्याने त्याची लिपी उलगडतो. त्यात त्यास एक नियम आढळतो. परीची जादू सरली, की तिने पौर्णिमेच्या रात्री नदीच्या वळणावरील पुरातन ओक वृक्षाचे बी घ्यावे आणि ते दूर नेऊन मातीत पुरावे. मग तिचे सामर्थ्य परत येते. झाले! आर्टेमिस आपल्या धिप्पाड अंगरक्षकासह, बटलरसह, अशाच एका वृक्षापाशी दबा धरून बसतो. हा विधी करण्यास आलेली, परी-पोलिसांतील अधिकारी हॉली शॉर्ट, त्याच्या हाती सापडते. तो तिला बेशुद्ध करून आपल्या वाड्यात कोंडतो आणि तिच्या सुटकेसाठी एक टन सोन्याची मागणी करतो.

या कथेत गुण नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिचा वेग विलक्षण आहे. यंत्राचे पंख लावून उडणाऱ्या पऱ्या, माती खात भुयार खणणारा बुटका, काळाचा प्रवाह थांबवून वाड्याला घातलेला वेढा, या साऱ्या गोष्टी वाचकास पुस्तक खाली ठेवू देत नाहीत. माणसाने हवा आणि पाणी कसे दूषित केले, हे त्यात पऱ्यांच्या तोंडून ऐकावे लागते, तेही विचार करावयास लावणारे आहे.

मग हे पुस्तक का आवडू नये? त्याचे कारण आयर्लंडच्याच जुन्या लोककथांत सापडते. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी १८८८ साली या लोककथांचा एक संग्रह प्रसिद्ध केला होता. खेड्यांतील लोक पऱ्यांचे नाव घेतानाही जपत आणि त्यांना ‘भले लोक’ म्हणत. शेतात एकाकी उभे असलेले हॉथॉर्नचे काटेरी झाड पऱ्यांचे मानून शेतकरी त्यास कुऱ्हाड लावीत नसे. ही भावना अलीकडच्या काळापर्यंत टिकून होती. १९९९ साली क्लेअर परगण्यात नव्या रस्त्याच्या वाटेत असेच एक झाड येत होते. लोककथा सांगणारे एडी लेनिहन यांनी त्याच्यासाठी आवाज उठविला आणि ते झाड राखून रस्ता नेण्यात आला. पऱ्या खऱ्या की खोट्या, हा येथे प्रश्नच नाही. आपल्याहून निराळे असे कोणी या भूमीवर राहते, तिच्यावर त्याचाही हक्क आहे, आणि त्याच्या दारावरून जाताना पाऊल जपून टाकावे, ही जाणीव त्या कथांनी जिवंत ठेवली.

कोल्फर यांच्या कादंबरीत या जुन्या आदराची एकच खूण उरली आहे. ती म्हणजे बी पुरण्याचा तो विधी. आणि नेमक्या त्याच ठिकाणी नायक सापळा लावतो! जुन्या कथेत असे करणाऱ्यास त्याची किंमत मोजावी लागली असती. येथे त्यास सोने मिळते.

यावर पुस्तकाचे चाहते म्हणतील, की आर्टेमिस हा मुद्दामच खलनायक म्हणून रंगविला आहे. शेवटी आईच्या प्रकृतीसाठी तो अर्धे सोने परत करतो आणि पुढील भागांत हळूहळू सुधारतो. हे खरे आहे, आणि आईविषयीचा तो भाग पुस्तकातील सर्वांत हृद्य भाग आहे. परंतु तोही एक सौदाच आहे. आईचे आरोग्य तो हॉलीच्या जादूच्या बदल्यात सोने देऊन विकत घेतो, आणि उरलेले अर्धे सोने स्वतःपाशी ठेवतो.

कथेत दुर्जन असणे, हा दोष नव्हे. दोष आहे तो मोठेपणाच्या वाटणीचा. वाड्यात एक अक्राळविक्राळ राक्षस सोडला जातो आणि बटलर मरणोन्मुख होऊन पडतो, तेव्हा त्यास वाचविते कोण? ज्या हॉलीला त्याने पळवून आणले, तीच! आपल्या जादूने ती आपल्याला कोंडणाऱ्याचे प्राण राखते. याहून थोर कृत्य साऱ्या पुस्तकात दुसरे नाही. तरीही पुस्तकाला नाव आहे ते आर्टेमिसचे, आणि वाचकाने दिपून जावे अशी अपेक्षा आहे ती त्याच्या बुद्धीने. चतुराई हा गुण आहे खरा. पण ती सुरीसारखी असते. सुरी कोणाच्या हाती आहे आणि तिने काय कापले जात आहे, हे न पाहता केवळ तिच्या धारेची स्तुती करणे शहाणपणाचे नाही.

म्हणून हे पुस्तक वाचूच नये, असे मात्र नाही. ते अवश्य वाचावे, आणि ज्यास ते आवडले असेल त्याच्याशी मोकळेपणाने वादही घालावा. एखादे पुस्तक सर्वांना आवडते म्हणून आपणही माना डोलावणे जसे योग्य नव्हे, तसेच ते न वाचता नाक मुरडणेही योग्य नव्हे. वाचताना एवढेच करावे, की नायक जिंकला असे वाटेल त्या प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबावे आणि बंद खोलीत बसलेल्या हॉलीच्या जागी उभे राहून तोच प्रसंग पुन्हा वाचावा.