विश्लेषण : एकच ऑपेरा, चार चित्रीकरणे… घरी पाहण्यासाठी कोणते चांगले, हे ठरवायचे कसे?

मुंबईत ‘ऑपेरा हाउस’ म्हटले की टॅक्सीवाला मुकाट्याने चर्नी रोडच्या दिशेने निघतो. पण प्रत्यक्ष ऑपेरा पाहिलेला मुंबईकर शोधावाच लागतो. १९११ मध्ये उद्घाटन झालेली आणि अनेक वर्षे बंद राहिलेली रॉयल ऑपेरा हाउसची वास्तू २०१६ मध्ये पुन्हा उघडली. तरीही पूर्ण ऑपेरा रंगमंचावर पाहण्याची संधी आपल्याकडे विरळच. त्यामुळे बहुतेकांची या कलेशी पहिली भेट पडद्यावर होते, आणि हल्ली तर घरच्याच.

प्रश्न नेमका काय आहे?

पाहायला काही मिळत नाही, ही तक्रार आता उरलेली नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने (‘मेट’) डिसेंबर २००६ पासून आपले प्रयोग चित्रपटगृहांत थेट दाखवायला सुरुवात केली. मुंबईत ‘एनसीपीए’मध्ये हे प्रयोग पडद्यावर दाखवले जातात. ‘मेट’ची स्वतःची वर्गणीवर चालणारी ऑनलाइन सेवा आहे. युरोपातील अनेक ऑपेरागृहांचे प्रयोग ‘ऑपेराव्हिजन’वर २०१७ पासून मोफत पाहता येतात.

अडचण निवडीची आहे. नवखा प्रेक्षक नाव ऐकलेला ऑपेरा शोधतो, समोर येईल तो व्हिडीओ लावतो आणि दहा मिनिटांत ‘हे काही आपल्यासाठी नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. अनेकदा हा निकाल संगीताचा नसतो. तो कॅमेऱ्याचा, ध्वनिमुद्रणाचा किंवा हातातल्या मोबाइलच्या स्पीकरचा असतो. शिक्षा मात्र चारशे वर्षांच्या एका कलाप्रकाराला होते. समीक्षकही बहुधा गायक कसे गायले एवढेच सांगतात. घरी पाहणाऱ्यासाठी एवढे पुरेसे नाही.

एकच कथा, चार चित्रीकरणे कोणती?

उदाहरण म्हणून ज्युझेप्पे व्हेर्दी यांचा ‘ला त्राव्हियाता’ घेऊ. पॅरिसमधली गणिका व्हिओलेत्ता क्षयाने आजारी आहे. आल्फ्रेदो या तरुणावर तिचे प्रेम जडते. घराण्याच्या अब्रूसाठी त्याला सोड, अशी विनवणी त्याचे वडील जेरमाँ तिला करतात. ती सोडते, आणि शेवटी सगळ्यांचे डोळे उघडतात तेव्हा उशीर झालेला असतो. मराठी प्रेक्षकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

या ऑपेराची चार गाजलेली चित्रीकरणे सहज डोळ्यांपुढे येतात. पहिले, फ्रांको झेफिरेल्ली यांचा १९८२चा चित्रपट, त्यात तेरेसा स्त्रातास आणि प्लासिदो दोमिंगो. दुसरे, १९९४ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधला जॉर्ज शोल्टी यांच्या संगीत संचालनाखालचा प्रयोग. तो दाखवण्यासाठी ‘बीबीसी २’ने आपले ठरलेले कार्यक्रम बाजूला सारले आणि अँजेला गेऑर्ग्यू एका रात्रीत जगाला माहीत झाली. तिसरे, जून २००० मधले पॅरिस आणि परिसरातल्या खऱ्या वास्तूंमधून केलेले थेट प्रक्षेपण. त्याचे संगीत संचालन मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी केले होते. चौथे, २००५ च्या साल्झबर्ग महोत्सवातला विली डेकर दिग्दर्शित प्रयोग. त्यात अ‍ॅना नेत्रेब्को आणि रोलांदो व्हियाझोन होते आणि चित्रीकरण ब्रायन लार्ज यांचे.

चौघांची संहिता एक, संगीत एक. घरी पाहण्याचा अनुभव मात्र चार तऱ्हांचा.

‘हे नेमके काय आहे’ हे आधी का विचारावे?

‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चे संगीत नाटक आणि त्यावरचा २०१५ चा चित्रपट यांना कोणी एकाच मापाने मोजत नाही. नाटकात वसंतराव देशपांडे समोर उभे राहून गात होते. चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा होता, गळा राहुल देशपांडेंचा. दोन्हींचा आनंद वेगळा, अपेक्षाही वेगळ्या.

ऑपेरालाही हेच लागू पडते. झेफिरेल्लींच्या चित्रपटात गायन आधी ध्वनिमुद्रित झाले आणि पडद्यावर ओठ हलवले गेले. स्वरलेखनालाही कात्री लागली. चित्रपट पावणेदोन तासांच्या आसपास संपतो, मूळ ऑपेरा दोन तासांहून मोठा आहे. तो चित्रपट म्हणून पाहावा. तिथे थेट गायनाची थरथर शोधू नये.

पॅरिसच्या प्रयोगात गायक खरोखर त्या क्षणी गात होते, पण वाद्यवृंद दुसऱ्याच ठिकाणी होता. जागा खऱ्या, गाणे खरे, तरी आवाज आणि वाद्ये एका छताखाली नाहीत. लंडन आणि साल्झबर्ग इथे मात्र गायक, वाद्यवृंद आणि प्रेक्षक एकाच सभागृहात होते. त्यामुळे ‘लाइव्ह’ हा शब्द वाचून हुरळून जाण्याआधी कोण कुठे होते, हे पाहावे.

परीक्षा आधी कानाची का?

ऑपेरा गायक परंपरेने मायक्रोफोनशिवाय गातो. ‘मेट’मध्ये सुमारे ३,८०० आसने आहेत. तिथे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे, तेही भरगच्च वाद्यवृंदाच्या वरून. हे केवळ ओरडून साधत नाही. वाद्यवृंदाची ऊर्जा ५०० हर्ट्झच्या आसपास जास्त असते आणि त्यावर ती उतरत जाते. विशेषतः पुरुष गायक तालमीतून आपल्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास एक जादा धार तयार करतात. वाद्ये जिथे मवाळ असतात तिथेच हा आवाज घुसतो. मानवी कानही याच पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो.

चित्रीकरणात मायक्रोफोन आला की हे गणित बदलते. तंत्रज्ञ कळ फिरवून लहान आवाज मोठा करू शकतो. म्हणून व्हिडीओ पाहून ‘काय दणदणीत आवाज आहे’ असे म्हणण्याला फारसा अर्थ नाही. सूर, श्वास, शब्दोच्चार, वाक्य कुठे तोडले, गायक आणि वाद्यवृंद एकमेकांना सांभाळतात का, हे मात्र पडद्यावरूनही पारखता येते.

त्यासाठी सोपी चाचणी आहे. पाच मिनिटे डोळे मिटून ऐकावे. खालची तंतुवाद्ये ऐकू येतात का? पहिल्या अंकाच्या शेवटी व्हिओलेत्ता एकटीच गात असताना आल्फ्रेदोचा आवाज बाहेरून येतो. तो खरेच दुरून आल्यासारखा वाटतो, की कानाशीच? ज्या ध्वनिमुद्रणात दूर-जवळ कळत नाही, त्यात रंगमंच उरत नाही.

कॅमेऱ्याने काय दाखवावे?

दुसरी चाचणी उलटी. काही मिनिटे आवाज बंद करून नुसते पाहावे. कोण कुठे उभे आहे, कोण कोणाकडे पाहते आहे, हे कळते का? दर चार सेकंदांना दृश्य तुटत असेल आणि रंगमंचाचा नकाशाच डोक्यात बसत नसेल, तर गायक कितीही थोर असो, चित्रीकरण फसले आहे.

दुसऱ्या अंकातला व्हिओलेत्ता आणि जेरमाँ यांचा दीर्घ प्रसंग यासाठी कसोटीचा. तिथे गाणाऱ्याइतकाच ऐकणारा महत्त्वाचा. जेरमाँ आर्जवे करतो तेव्हा व्हिओलेत्ताच्या चेहऱ्यावर एकेक दार बंद होत जाते. कॅमेरा जो गातो त्याच्याच तोंडावर खिळून राहिला, तर निम्मे नाटक गेले.

साल्झबर्गच्या प्रयोगात रंगमंचावर पांढरी वक्र भिंत, एक भलेमोठे घड्याळ आणि लाल पोशाखातली व्हिओलेत्ता एवढेच आहे. गडद सुटांतला समूह तिच्यावर चाल करून येतो. डॉक्टरचे पात्र मृत्यूसारखे सतत आसपास असते. इथे पूर्ण रंगमंच दाखवणारी दृश्ये ही चैन नाही, गरज आहे. घड्याळ चौकटीबाहेर गेले की वेळ संपत आल्याची भीतीही बाहेर जाते.

क्लोजअपचा धोका काय?

क्लोजअपचे फायदे उघड आहेत. महागड्या तिकिटाच्या प्रेक्षकालाही डोळ्यांतले पाणी दिसत नाही, ते आपल्याला घरी दिसते. पण हजारो आसनांच्या सभागृहासाठी केलेला अभिनय हातभर अंतरावरून पाहणे अन्यायाचेही ठरते. वरचा सूर लावताना जबडा उघडणार, मान ताणली जाणार, घाम येणार. ते कष्ट आहेत, दोष नव्हेत.

याहून मोठा धोका असा की कॅमेरा चेहऱ्यामोहऱ्याला गळ्यापेक्षा जास्त गुण द्यायला लावतो. ही वृत्ती अर्थात कॅमेऱ्याहून जुनी आहे. १८५३ मध्ये व्हेनिसला ‘ला त्राव्हियाता’चा पहिला प्रयोग पडला. क्षयाने खंगलेल्या नायिकेच्या भूमिकेत गायिकेची भरलेली देहयष्टी पाहून प्रेक्षक हसले, असे सांगितले जाते. आता तोच प्रेक्षक घरोघरी आहे आणि त्याच्या हातात भिंग आहे. आपण फक्त देखण्या व्हिओलेत्तांनाच पसंती देत गेलो, तर उद्या भूमिकाही त्यांनाच मिळतील. त्यात एखादा असामान्य आवाज विंगेतच राहील. घरी बसून दिलेली पसंती इतकी निरुपद्रवी नसते.

सबटायटल आणि मध्यंतराचे काय?

मराठी सबटायटल सहसा मिळत नाहीत, इंग्रजी मिळतात. ती सुरांच्या गतीने यायला हवीत. गायिकेने अजून न उच्चारलेला शब्द खाली आधीच झळकला, तर प्रसंगातला धक्का जातो. शेवटच्या अंकात व्हिओलेत्ता जेरमाँचे पत्र गात नाही, वाचते. तिथे मजकूर नीट कळला नाही, तर पुढचा आकांत नुसता आवाज ठरतो. सर्वांत बरे म्हणजे कथासार आधी वाचून घ्यावे. गोष्ट माहीत असल्याने ऑपेराची मजा कमी होत नाही. कीर्तनाला बसलेल्याला आख्यान माहीत नसते थोडेच?

‘मेट’च्या थेट प्रक्षेपणांत मध्यंतरी कलाकारांच्या मुलाखती असतात. माहिती म्हणून त्या रंजक, पण रंगमंचावर झुरणारी नायिका दोन मिनिटांत हसत बोलू लागली की मनातला पीळ सुटतो. घरी आपल्या हातात रिमोट असतो, तो वापरावा. मुलाखत शेवटी पाहावी.

मोबाइलवर पाहावे का?

शक्यतो नको. त्याची कारणे तांत्रिक आहेत. मोबाइलचा इवलासा स्पीकर मधले आणि वरचे स्वर बऱ्यापैकी देतो, खालचे जवळजवळ देतच नाही. परिणामी गायिकेच्या आवाजाची धार तेवढी कानावर येते, तिला पेलणारा वाद्यवृंद गायब होतो. ‘ऑपेरा म्हणजे किंचाळणे’ या समजाला हा स्पीकर बराच जबाबदार आहे. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज चित्राच्या किंचित मागे पडू शकतो. अनेक अ‍ॅप तो फरक भरून काढतात, पण ओठ आणि सूर जुळत नसतील तर वायरचा हेडफोन लावावा. त्यात लंडनची किंवा साल्झबर्गची पूर्ण रंगमंचाची दृश्ये सहा इंचांत मुंग्यांसारखी दिसतात. घरातला टीव्ही आणि बरा हेडफोन किंवा साउंडबार एवढे जमले, तरी अनुभव पालटतो. मोबाइलच असेल तर निदान हेडफोन हवाच.

मग निवडावे कोणते?

काही जाणकारांच्या मते हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे: ऑपेरा सभागृहातच पाहावा, नाही तर फक्त ऐकावा. पहिला सल्ला ज्यांना मिलान-व्हिएन्नाचे विमान परवडते त्यांच्यासाठी. दुसरा अर्धवट, कारण ऑपेरा हे नाटकही आहे.

पहिल्यांदाच पाहणाऱ्याने साल्झबर्गचा प्रयोग लावावा. इटालियन कळले नाही तरी त्यातले चित्र बोलते. आवाज आणि वाद्यवृंद यांचा मेळ अनुभवायचा असेल, तर लंडनचा. झेफिरेल्ली डोळ्यांच्या मेजवानीसाठी, आणि त्याला सिनेमाच म्हणावे. पॅरिसचा प्रयोग धाडसासाठी पाहावा, पण सुरुवात त्याने करू नये.

हा क्रम कोणाला पटेल, कोणाला नाही. कसोटी मात्र तीच ठेवावी. घरी आपण कुठे पाहायचे हे कॅमेरा ठरवतो आणि काय ऐकायचे हे मायक्रोफोन. सभागृहातले हे स्वातंत्र्य आपण ज्यांच्या हवाली करतो, त्यांनी ते संगीतासाठी वापरले का, हा प्रश्न गायकांना गुण देण्याआधी विचारायला हवा. पहिला व्हिडीओ आवडला नाही तर ऑपेरा सोडू नये. तोच ऑपेरा, तोच अंक, दुसऱ्या चित्रीकरणात लावून पाहावा.