शब्दविचार : सेंटर आणि केंद्र

दहावीची परीक्षा जवळ आली, की कोल्हापुरातील घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "सेंटर कुठं आलंय?" रस्त्याने जावे तर झेरॉक्स सेंटर, चष्म्यांचे सेंटर, मिसळीचेही सेंटर! यांपैकी एकही कशाचा मध्य नव्हे. येथे सेंटरचा अर्थ ठिकाण वा दुकान एवढाच उरला आहे.

म्हणून काही वाचक 'केंद्र' या शुद्ध शब्दाचा आग्रह धरतात. परंतु हे दोन्ही शब्द एकाच ग्रीक घराण्यातले आहेत. 'केंट्रॉन' म्हणजे अणकुचीदार टोक, बैलाला टोचावयाची आर. पुढे वर्तुळ काढताना कंपासचे टोक जेथे रोवतात, त्या बिंदूला तेच नाव मिळाले. लॅटिन व फ्रेंच मार्गाने तो शब्द इंग्रजीत 'सेंटर' झाला. ग्रीक ज्योतिषाबरोबर संस्कृतात येऊन तोच 'केंद्र' झाला. कुंडलीतील १, ४, ७ व १० ही केंद्रस्थाने त्याचीच खूण होत.

मग आपले मूळचे शब्द कोणते? मध्य आणि नाभी. तत्त्वार्थसूत्रात जंबूद्वीपाच्या मध्यावरील मेरूला नाभीच म्हटले आहे.

तेव्हा शब्दाचे कुळ न पाहता अर्थ पाहावा. शहराचा मध्य, परीक्षेचे केंद्र, चष्म्यांचे दुकान असे म्हणावे. मुलाने सर्वत्र 'सेंटर' म्हटले, तरी त्याला रागावू नये. त्याच्याच कंपासचे रोवलेले टोक त्याला दाखवावे. अर्थ आपोआप मनात रुजेल.