शाळेच्या गेटवर दाखला लावा

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी हादरली तेव्हा पहाटेचे चार वाजत आले होते. शाळा रिकाम्या होत्या. ८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीर हादरलं तेव्हा सकाळचे नऊ वाजत आले होते. पाकिस्तानच्या ताब्यातल्या भागात वर्ग भरले होते. छतं कोसळली आणि हजारो मुलं दगावली. आपली मुलं वाचणार की नाही, हे आपणही घड्याळावर सोडणार आहोत का?

'भिवंडीत कुठला आलाय भूकंप?' असं म्हणणाऱ्यांनी शेजारच्या पालघरकडे पाहावं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. आणि आपल्या शहरात इमारत पडायला भूकंपही लागत नाही. २१ सप्टेंबर २०२० रोजी पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे कोसळली, जवळपास चाळीस जीव गेले. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाड्याची वर्धमान कंपाउंडमधली इमारत भरदुपारी खाली आली. दर वेळी शोक, धनादेश, चौकशी. मग पुढच्या पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी, नोटिसा आणि शांतता.

कायदा मात्र गप्प नाही. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली अविनाश मेहरोत्रा खटल्यात सुरक्षित शाळा हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरवला. त्यामुळे नव्या वर्गखोल्यांचं उद्घाटन करून महापालिकेची जबाबदारी संपत नाही. जुन्या खोल्यांचं काय, हे तिला सांगावंच लागेल.

पण बोट फक्त पालिकेकडे दाखवून आपण सुटत नाही. आपल्या ट्रस्टच्या शाळांचं काय? नव्या मजल्यासाठी चंदा जमतो, कमानीवर देणगीदाराचं नाव कोरलं जातं. खालचे खांब तो मजला पेलतील का, हे कोण विचारतं? इमारत न पाडताही खांबांना नवं लोखंड आणि काँक्रीटचं आवरण देता येतं, विटांच्या भिंतींना दारा-खिडक्यांच्या वर आरसीसी पट्टा बांधता येतो. या कामावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणून त्याला पैसे मिळत नाहीत. सदका-ए-जारिया म्हणून याहून मोठं काम कोणतं?

दोस्तांनो, काम सोपं आहे. दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीनच प्रश्न विचारा: आमच्या वॉर्डातल्या पालिका शाळा कधी बांधल्या? शेवटचं ऑडिट कधी झालं? अभियंत्याने सुचवलेली किती कामं पूर्ण झाली? हेच प्रश्न ट्रस्टच्या सभेत उभं राहून विचारा. ट्रस्टी मंडळी वयाने मोठी असतील, अदब राखा, पण उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसू नका. आणि अहवाल कपाटात न ठेवता शाळेच्या गेटवर, उर्दूत आणि मराठीत, लावायला लावा. मुलाला सोडायला आलेल्या आईला तो वाचता आला पाहिजे.