फोनला विमा, माणूस उघड्यावर

मोबाइलचा विमा घ्यावा का, या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो. बहुतेकांनी घेऊ नये. घाईत असाल तर एवढं वाचून निघालात तरी चालेल. पण हा प्रश्न फक्त पंधराशे रुपयांचा नाही. आपण कशाला जपतो आणि कशाला वाऱ्यावर सोडतो, हे त्या पंधराशे रुपयांत दिसतं. भांडण तिथं आहे.

मी सदाशिव पेठेत राहतो. इथं राहणाऱ्याला व्यवहार शिकवावा लागत नाही, असं उरलेला महाराष्ट्र समजतो, आणि ते बरंचसं खरंही आहे. मेसच्या बिलातून दोन खाडे वजा करून घेतल्याशिवाय इथला विद्यार्थी पैसे देत नाही. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकासाठी वीस रुपयांवरून पाऊण तास हुज्जत चालते. आणि हीच मंडळी नवा फोन घेताना काउंटरवरच्या माणसानं ‘सर, चौदाशे नव्व्याण्णवमध्ये फुल प्रोटेक्शन करून देऊ का?’ म्हटलं, की मान डोलावतात. काय काय फुल आहे, कोण प्रोटेक्ट करणार, किती दिवसांत, एकही प्रश्न नाही. वीस रुपयांवर पाऊण तास, पंधराशेवर पाच सेकंद.

यात तुमचा दोष कमी आहे. ती पाच सेकंदं कुणीतरी मुद्दाम घडवलेली असतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ‘विमा हवा’ हे बटण मोठं आणि हिरवं का, ‘नको’ हे बारीक करड्या अक्षरांत का, हे आपोआप होत नाही. त्यावर मीटिंगा होतात आणि कुठल्या रंगाला जास्त लोक भुलले याचे तक्ते निघतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तेरा प्रकार नावानिशी सांगितले. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं हा त्यातला एक. ग्राहकाला लाजवून हो म्हणायला लावणं हा दुसरा, आणि त्याचं सरकारी उदाहरण वाचण्यासारखं आहे: विमानाचं तिकीट काढताना विमा नाकारणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवायला लावणं. लाजवण्याचा नमुना म्हणून सरकारला विम्याचंच बटण आठवलं, यात सगळं आलं.

आता मुळात विमा म्हणजे काय, ते बघू. खूप जणांनी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवायचे आणि ज्याच्यावर मोठं संकट येईल त्याला त्यातून उभं करायचं. नुकसान एवढं मोठं असावं की एकट्याला पेलणार नाही, आणि एवढं क्वचित व्हावं की प्रत्येकाचा हप्ता लहान राहील. दुचाकीचा थर्ड पार्टी विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा केला आहे तो याचसाठी. तुमच्या गाडीनं कुणी दगावलं तर भरपाईचा आकडा तुमच्या आयुष्यभराच्या कमाईला गिळू शकतो. फोनची काच या दोन्ही कसोट्यांवर नापास होते. ती फुटण्यात क्वचित असं काही नाही, आणि फुटली तर महिना वाईट जातो, आयुष्य नाही. म्हणून मी त्याला विमा म्हणत नाही. ती आगाऊ पैसे भरून घेतलेली दुरुस्ती आहे, आणि दुरुस्तीपेक्षा महाग आहे.

महाग कशी, ते कागदावर मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. फोन २०,००० चा. वर्षाची योजना १,५०० ची, त्यातले सुमारे २२९ रुपये जीएसटी. स्क्रीन बदलायला ५,००० लागतात, पण दर दाव्याला ५०० तुम्ही भरायचे. म्हणजे योजनेकडून मिळणार ४,५००. आता १,५०० ला ४,५०० नं भागा. उत्तर एक तृतीयांश. याचा अर्थ, दर तीन वर्षांत एकदा तुमचा फोन फुटत असेल तर तुम्ही जेमतेम बरोबरीत सुटता. त्याहून कमी फुटत असेल तर दरवर्षी पैसे सोडून देता. मागच्या सहा वर्षांत तुमच्या हातून किती स्क्रीन फुटल्या, ते आठवा. दोनपेक्षा कमी? मग उत्तर मिळालं.

दरवर्षी फोन आपटणाऱ्याला ही योजना फायद्याचीच आहे, हेही कबूल. पण तोच तर घोळ आहे. ज्याचा हात सैल तो धावत येऊन योजना घेतो, आणि घेतल्यावर आणखी सैल होतो. कंपनीला हे माहीत असतं, म्हणून ती सगळ्यांचाच दर चढा लावते. सांभाळून वापरणारी मुलगी आपटणाऱ्या मुलाच्या स्क्रीनचे पैसे भरते. वर दुकानदाराचं कमिशन, दावे बघणाऱ्या मधल्या कंपनीचा वाटा, कर आणि नफा त्याच पंधराशेतून जातात.

ही सवय फक्त आपली नाही. जस्टिन सिडनर या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं घरांच्या विम्याचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. नुकसान झाल्यास स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम १,००० डॉलरवरून ५०० वर आणण्यासाठी लोक वर्षाला साधारण १०० डॉलर जादा मोजत होते. दावा करणारे शंभरात पाचही नव्हते. म्हणजे २५ डॉलरपेक्षा कमी किमतीच्या दिलाशाला १०० डॉलर. मोठ्या संकटाची कल्पना करवत नाही, लहान संकट मात्र डोळ्यांसमोर दिसतं. विकणारा त्या डोळ्यांसमोरच्या चित्राचे पैसे घेतो.

बरं, पैसे दिले तरी हवं तेव्हा मिळतात का? इथं एका शब्दावर सगळं अडतं. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी लक्ष्मी रोडच्या गर्दीत खिशातला फोन गेला. तुम्ही घरी येऊन पोलिसांच्या ऑनलाइन ‘लॉस्ट अँड फाउंड’ पानावर नोंद केली आणि पावती मिळाली. ती पावती हरवलेल्या वस्तूची आहे. कागदावर तुमचा फोन ‘गहाळ’ आहे. विमा मात्र ‘चोरी’चा आहे, आणि चोरीला फिर्याद लागते. गहाळ झालेल्या फोनला बहुतेक पॉलिसी एक रुपया देत नाहीत. अनेक पॉलिसींत तर चोरीलाही अट असते: कुलूप तोडलं असेल, जबरदस्ती झाली असेल, तरच. अभ्यासिकेच्या टेबलावर फोन ठेवून चहाला गेलात आणि तो गेला, तर ‘निष्काळजीपणा’. खिसा हलक्या हातानं कापला गेला, तर ‘जबरदस्ती नाही’. चोर जितका निष्णात, तितका तुमचा दावा कच्चा.

माझ्या एका रूममेटचा फोन पाण्यात पडला. योजना होती. दावा मंजूरही झाला. त्यासाठी त्यानं तीन फॉर्म भरले, मूळ बिल शोधलं, आणि चौदा दिवस फोनशिवाय काढले. ते चौदा दिवस कुठल्याच पॉलिसीत नसतात. ओटीपी, यूपीआय, ऑफिसचं लॉगिन, आईचा रोजचा फोन, यांची भरपाई होत नाही. आतले फोटो तर सोडाच.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो. तो असा: तुला पगार आहे, तुला पाच हजार पेलतात. बीडहून किंवा धाराशिवहून एमपीएससीसाठी आलेल्या मुलाचं काय? त्याचा फोन वडिलांनी उसाचं बिल आल्यावर घेऊन दिला. त्यावरच त्याची लेक्चरं, त्यावरच टेस्ट सिरीज. किंवा जेवण पोचवणाऱ्या मुलाचं काय, ज्याचा फोन बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद? त्यांना पाच हजार हेच संकट आहे. मग त्यांनी तरी विमा घ्यायलाच हवा ना?

मुद्दा खरा आहे. त्यांना आधार हवाच. पण ही योजना तो आधार देते का? डिलिव्हरीवाल्याला आज संध्याकाळी चालू फोन हवा असतो, त्याला चौदा दिवसांनी दुरुस्त फोन मिळतो. विद्यार्थ्याकडे मूळ बिल नसतं, कारण फोन गावाकडच्या दुकानातून घेतलेला. पाचशे रुपयांचा स्वतःचा वाटा त्याच आठवड्यात उभा करायचा असतो. ज्याची गरज सगळ्यात मोठी, त्यालाच अटी सगळ्यात जड. गरज खरी आहे म्हणून विकलेली वस्तू चांगली ठरत नाही.

त्या गरजेचं उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे. त्याला भिशी म्हणतात. एका खोलीत पाच जण राहता. योजनेला देणार होता तेच पंधराशे प्रत्येकी काढा आणि एकाच्या खात्यावर वेगळे ठेवा. झाले ७,५००. नियम एकच: स्क्रीन फुटली तर दुरुस्तीचे साठ टक्के भिशीतून, चाळीस टक्के ज्याच्या हातून पडला त्याच्या खिशातून. म्हणजे कुणाचा हात सैल सुटत नाही. वर्षात पाच-पाच हजारांच्या दोन स्क्रीन फुटल्या तरी सहा हजार गेले, दीड हजार उरले. एकही फुटली नाही तर सगळे पैसे तुमचेच, पुढच्या वर्षी हप्ता अर्धा. फोन पूर्ण गेला तर भिशी नवा फोन देऊ शकणार नाही, पण त्याच संध्याकाळी तपकीर गल्लीच्या बाजूला जाऊन कामापुरता जुना फोन घेण्याइतकी उचल नक्की देईल. ही नेहमीचीच भिशी आहे, फक्त नंबर लागतो तो फोन फुटल्यावर. फॉर्म नाही, कमिशन नाही, आणि ‘चोरी की गहाळ’ विचारणारं कुणी नाही, कारण तुम्ही एकमेकांना ओळखता.

हे भाबडं वाटत असेल तर लक्षात घ्या, ग्राहकांनी एकत्र येऊन स्वतःची सोय स्वतः करायची ही कल्पना याच शहरात रुजली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातच ग्राहक पंचायत सुरू केली, देशाचा ग्राहक संरक्षण कायदा यायला तेव्हा बारा वर्षं होती. आपण मात्र एकेकटे काउंटरवर उभे राहतो आणि एकेकटे मान डोलावतो.

ज्यांनी योजना आधीच घेतली आहे, त्यांनी आजच कागद उघडून एक गोष्ट बघावी. त्यावर विमा कंपनीचं नाव, तिचा इर्डाचा नोंदणी क्रमांक आणि तुमचा पॉलिसी किंवा प्रमाणपत्र क्रमांक आहे का? असेल तर तो विमा आहे. दावा नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रोडवर आहे, सदाशिव पेठेतून चालत जाण्यासारखं. फी नाही, वकील लागत नाही. पण कागदावर विमा कंपनीच नसेल, नुसतं ‘प्रोटेक्शन प्लॅन’ असेल, तर तुम्ही विमा घेतलेलाच नाही, सेवेचा करार घेतला आहे. तिथं लोकपाल नाही, ग्राहक आयोग गाठावा लागतो. आणि योजना असो वा नसो, चोरीला ‘गहाळ’ लिहू नका. फोन हिसकावून नेला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली तो वेगळा गुन्हा आहे, तसंच सांगा. मग ‘संचार साथी’वर आयएमईआय बंद करा. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे आणि फुकट आहे.

आता खरं भांडण. या शहरात फोनला टफन ग्लास असते, वर कव्हर असतं, आणि फोन खिशात ठेवून गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नसतं. हेल्मेटसक्तीविरुद्ध इथं मोर्चे निघालेत, टफन ग्लासविरुद्ध एकही नाही. विम्याचंही तेच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख मिळतात, आणि बचत खातं असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या कुणालाही ती घेता येते. जीवन ज्योती योजना ४३६ रुपयांची, मृत्यू कशानंही झाला तरी दोन लाख. दोन्ही मिळून ४५६. फोनच्या एका वर्षाच्या पंधराशे रुपयांत अपघात विम्याची पंच्याहत्तर वर्षं निघतात. पण त्यासाठी काउंटरवर कुणी गळ घालत नाही, कारण वीस रुपयांत कुणाचं कमिशन सुटणार?

माझ्या क्षेत्रातल्यांना तर वेगळं सांगायला हवं. आपला आरोग्य विमा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतला असतो. हिंजवडीतली नोकरी गेली की तो गेला. तेव्हा स्वतःची पॉलिसी शोधायला निघालात तर वय वाढलेलं असतं आणि एखादं दुखणं मागं लागलेलं असतं. वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, फोनच्या विम्यावर तो अठरा टक्के आहे. कुठला विमा गरजेचा आणि कुठला हौसेचा, हे सरकारच्या करखात्यालाही कळलं.

फोन फुटला तर पाच हजार. रूममेट गाडीवरून पडून दवाखान्यात गेला तर गावाकडची अर्धा एकर जमीन. यातलं कुठलं नुकसान एकट्याला पेलणार नाही, हे ठरवायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. पुढच्या वेळी काउंटरवर ‘फुल प्रोटेक्शन करून देऊ का?’ विचारलं, की ‘नको’ म्हणा, बँकेचं ॲप उघडा आणि त्या पंधराशेतले पहिले ४५६ स्वतःवर खर्च करा.